तिसरी बिजागरी

अँब्रोज गिल्क्सविषयी वार्षिकांकात चार चांगले शब्द लिहावेत, अशी विनंती मंडळाने मला केली आहे. विनंतीची नोंद मी घेतली आहे. ती मान्य करणे मात्र मला जमणार नाही. कॉव्हेंट्रीच्या या जुन्या मोटारींच्या मंडळाचा मी सव्वीस वर्षे चिटणीस होतो, आणि त्या सव्वीस वर्षांत गिल्क्सच्या तोंडून एकाही माणसाविषयी चांगला शब्द माझ्या कानी पडला नाही. जे त्याने हयातीत कोणाला दिले नाही, ते मेल्यावर त्याला फुकट मिळावे असे मला वाटत नाही. जे घडले ते मी क्रमाने सांगतो. शब्द चांगले की वाईट, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी अडीच वाजता चॅपलमागच्या सभागृहात आमची बैठक भरत असे, आणि बैठकीच्या शेवटी एक खेळ होई. कोणीतरी सभासद एखाद्या दुर्मीळ मोटारीचा फोटो आणी. त्याच्यावर काळा पुठ्ठा ठेवला जाई, आणि त्या पुठ्ठ्याला पोस्टाच्या तिकिटाएवढी खिडकी कापलेली असे. खिडकीतून दिसे तेवढ्यावरून गाडी ओळखायची. कधी दिव्याचा अर्धा कंस दिसे, कधी बॉनेटवरच्या चार फटी, कधी चाकावरचे दोनच नट. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपले उत्तर व नाव लिहून ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची, आणि डबा तपासनीसापुढे ठेवायचा. तपासनीस म्हणजे गिल्क्स. डब्यातली प्रत्येक चिठ्ठी नावासकट मोठ्याने वाचलीच पाहिजे, एकही गाळायची नाही, हा नियम त्यानेच करून घेतला होता. त्याचा उद्देश उघड होता.

"परस्लो म्हणतात, लँचेस्टर," तो वाची. परस्लो हे आमच्या भागातले दंतवैद्य. सत्शील, घाबरट गृहस्थ. "परस्लो, दात उपटताना तरी नीट बघता ना? की शेजारचा येतो हातात?"

लोक हसत, कारण पुढची चिठ्ठी आपली असू शकते हे प्रत्येकाला ठाऊक असे.

त्याची नजर मात्र खरी होती, हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. एकदा एका बाईंनी टपालाने फोटो पाठवला. त्यात एक कुत्रा होता, आणि कुत्र्यामागे मडगार्डची वीतभर कड. गिल्क्सने भिंग लावले, कडेच्या वळणावर नख फिरवले आणि गाडीचे नाव, साल आणि मडगार्ड ठोकणाऱ्या कारखान्याचे नाव सांगितले. दोन वर्षांनी त्याच फोटोचा उरलेला तुकडा सापडला. तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. त्याने बाईंना पाठवलेले पत्र मी पाहिले आहे. त्यात लिहिले होते: 'पुढच्या वेळी कुत्रा हाकलून मग फोटो काढावा.'

"तुम्ही सगळे रेडिएटर बघता," तो म्हणे. "रेडिएटर म्हणजे टोपी. टोपी कोणीही बदलतं. कान बघा, कान."

बिजागऱ्या, दाराच्या मुठी, टपाच्या काड्या, खिळ्यांच्या ओळी, हे सगळे त्याचे कान. ते त्याला माहीत असण्याचे कारण होते. चौदाव्या वर्षी तो हॉथर्न-पाइक नावाच्या लहानशा कारखान्यात बॉडीच्या लाकडी सांगाड्याच्या कामावर शिकाऊ म्हणून लागला. त्या कारखान्याने सहा दोन-आसनी गाड्या बनवल्या आणि पंचवीस साली तो बंद पडला. कारखान्याची सारी दप्तरे पुढे चाळीस सालच्या बॉम्बहल्ल्यात जळाली. म्हणून हॉथर्न-पाइकविषयी गिल्क्स सांगेल तेच प्रमाण मानले जाई. पुढची चाळीस वर्षे त्याने इतर कारखान्यांत काढली आणि मुकादम होऊन निवृत्त झाला. बायको होती, ती बहिणीकडे लेस्टरला गेली ती परतली नाही. कारण कोणी विचारले नाही, कारण सगळ्यांना ते दिसत होते.

वाईट कामासाठी त्याच्याजवळ एकच शब्द होता. रंग ओघळला, सांधा उघडा राहिला, कोणी सँडविच वाकडे कापले, तरी तो म्हणे, "ऑर्मचं काम." जेबेझ ऑर्म हा हॉथर्न-पाइकमधला सुतार, गिल्क्सला शिकवणारा. त्याने एका गाडीच्या दाराचा लाकडी खांब नासवला म्हणून त्याला चोवीस साली काढून टाकले, असे गिल्क्स सांगत असे. हा शब्द मंडळात इतका रुळला होता की ऑर्म हा कोणी माणूस होता हेच आम्ही विसरलो होतो.

आता एकसष्ट सालाकडे येतो. त्या वर्षी मार्चमध्ये बेडवर्थचे बियाणे विकणारे क्लेमेंट फेअरब्रास बैठकीला आले. त्यांनी अर्धा फोटो आणला होता. सहलीचा फोटो, मागून तिरपा घेतलेला. त्याचा डावा अर्धा भाग त्यांच्या बायकोने फाडून टाकला होता, कारण तिथे बॉनेटला टेकून तिचा दीर उभा होता आणि त्या दिराचे तोंड तिला घरात नको होते. दिराबरोबर बॉनेट गेले आणि रेडिएटरही गेला. उरले होते दाराची मागची कड, मडगार्ड, गाडीची शेपटी आणि नंबरप्लेटचे शेवटचे दोन आकडे. बाकीचे आकडे सहलीच्या टोपलीने झाकले होते. फेअरब्रास यांचे म्हणणे असे की ही चोवीस साली नवी घेतलेली हॉथर्न-पाइक आहे आणि तीच गाडी आजही त्यांच्या शेडमध्ये उभी आहे.

गिल्क्सने भिंग लावले. एरवी तो फोटोवर पाच-पाच मिनिटे रेंगाळे. त्या दिवशी त्याने भिंग लगेच खाली ठेवले.

"दाराला बिजागऱ्या किती दिसतात?" त्याने विचारले.

"तीन," फेअरब्रास म्हणाले.

"हॉथर्न-पाइकला किती असत?"

"ते मला काय ठाऊक? माझ्या गाडीला तीन आहेत."

"मी त्या कारखान्यात होतो. दोन. सहाच्या सहा गाड्यांना दोन. तुमच्या शेडमध्ये जे काही आहे ते भंगारातून जुळवलेलं आहे, मिस्टर फेअरब्रास. पुढचं एकाचं, मागचं दुसऱ्याचं. बियाणं तरी निवडून विकता ना?"

सभागृह हसले. मीही हसलो असेन. इतिवृत्तात हसण्याची नोंद करत नाहीत. मी लिहिले, 'दावा अमान्य.' गाडी पाहायला कोणी गेले नाही. फेअरब्रास यांनी फोटो पाकिटात घातला, टोपी घेतली आणि ते गेले. बेडवर्थमध्ये पुढे त्यांना लोक 'भंगारवाले फेअरब्रास' म्हणू लागले. त्यांनी शेडला कुलूप लावले आणि गाडी पुन्हा बाहेर काढली नाही. ब्याऐंशी साली ते वारले.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरमध्ये, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, त्यांची मुलगी नेस्टा आली. वय बावन्न, लग्न केलेले नाही, शहरात दुमजली बस चालवते. जुन्या गाड्यांना त्यांचे मूळ नंबर परत देण्याची मुदत त्या महिनाअखेर संपत होती, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त मंडळाच्या तपासनीसाची सही लागत होती. तिने अर्ज आणि तोच अर्धा फोटो टेबलावर ठेवला.

"सही हवीय," ती म्हणाली.

"एकसष्ट साली उत्तर दिलंय," गिल्क्स म्हणाला. "उत्तरं शिळी होत नाहीत."

"माणसं होतात. तुमच्याकडे बघितलं की कळतं."

"तुम्ही बस चालवता ना, मिस फेअरब्रास? मग बसच चालवा."

"रोज मागे सत्तर माणसं बसतात हो माझ्या. एकालाही मी भंगार म्हणत नाही." मग ती आम्हा सगळ्यांकडे वळली. "सही तर मी नेणारच. पण तेवढ्यानं भागणार नाही. याच खोलीत यांनी माझ्या वडिलांना खोटं पाडलं आणि तुम्ही सगळे हसलात. गाडी खरी होती हे यांनी याच खोलीत, तोंडानं सांगायचं. कागद सरकारी कचेरीत जाईल. मला इथं ऐकायचंय."

"मग खुर्ची घेऊन बसा," गिल्क्स म्हणाला. "बराच वेळ लागेल."

येथे मी उठलो. सत्तर साली मी मंडळाची नियमावली नव्याने लिहिली होती, आणि तिचा सातवा नियम मला तोंडपाठ होता: वाहन प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणताही दावा नाकारता येणार नाही, तपासनीसाने तपासण्यास नकार दिल्यास त्याचे पद रिकामे समजले जाईल. मी तो वाचून दाखवला.

"मास्तर," गिल्क्स म्हणाला. मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले, म्हणून तो मला असे म्हणे, आणि त्यात आदर नव्हता. "नियम मला दाखवू नका."

"नियम दाखवण्यासाठीच लिहिलेले असतात, मिस्टर गिल्क्स. भिंग टेबलावर ठेवायचे असेल तर आत्ताच ठेवा. परस्लो घेतील."

परस्लो दचकले. गिल्क्सने भिंग ठेवले नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघे बेडवर्थला गेलो. शेड विटांची होती आणि आत अजून बियाण्यांचा वास होता. गाडीवर ताडपत्री टाकलेली होती. नेस्टा ताडपत्री ओढायला डाव्या बाजूला गेली. गिल्क्स अजून उंबऱ्यातच उभा होता.

"दार उघडणार असाल तर आधी वर उचला," तो म्हणाला. "खाली घासतं ते."

नेस्टा थांबली. ताडपत्री तिच्या हातात तशीच राहिली.

"घासतं," ती म्हणाली. "वडील नेहमी उचलून उघडायचे. पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

"जुनी दारं घासतातच."

"फोटोत दार बंद आहे, मिस्टर गिल्क्स," मी म्हणालो. "आणि ही गाडी तुम्ही अजून पाहिलेली नाही."

नेस्टाने ताडपत्री ओढून काढली. गाडी बुटकी, हिरवी, एका दाराची. दाराच्या मागच्या कडेला तीन बिजागऱ्या. नेस्टाने एकदा त्याच्याकडे, एकदा बिजागऱ्यांकडे पाहिले. मग तिने फळीवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि मधल्या बिजागरीला लावला. तिने तीच का निवडली, हे मी पुढे विचारले. ती म्हणाली, "ते नेमकं तिच्याकडे बघायचं टाळत होते म्हणून."

स्क्रू ड्रायव्हर निसटला.

"अहो, थांबा! डोकं खाताय स्क्रूचं. असं ऑर्मचं काम..."

शब्द अर्ध्यात राहिला. गिल्क्सने पुढे येऊन स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातातून जवळजवळ हिसकावला आणि स्वतः वाकला. चार स्क्रू त्याने काढले आणि काढलेल्या क्रमानेच खिशात ठेवले. बिजागरी अलगद उचलली.

तिच्याखाली लाकडात एक खाच होती, आणि ती दुसऱ्या लाकडाचा तुकडा बसवून बुजवलेली होती. काम इतके सफाईदार होते की रेषांची दिशा वेगळी नसती तर मला ते कळलेही नसते. खाचेच्या बाजूला पेन्सिलीने '४' लिहिले होते. त्याखाली दोन अक्षरे होती, अँब्रोज गिल्क्सची आद्याक्षरे, पोरगेल्या हातातली.

"खांब मी उलटा धरला होता," गिल्क्स म्हणाला. तो लाकडाशीच बोलत असावा. "बिजागरीची खाच भलत्या जागी पाडली. खांब वाया गेला की पोराला हाकलत. ऑर्मनं तुकडा बसवला, वर ही बिजागरी ठोकली. म्हणाला, गप्प बस, तीन बिजागऱ्यांचं दार कोणाला नको होईल?"

"मग?" नेस्टाने विचारले.

"खांब कमजोर झाला होता. दार खाली झुकलं. मालकानं येऊन विचारलं, हे कोणी केलं?"

"आणि?"

"मी बोट दाखवलं."

"ऑर्मकडे?"

"तिथं दुसरं कोण होतं?"

"आणि त्यांनी काय सांगितलं?" मी विचारले.

"काही नाही. हत्यारं गोळा केली. मला म्हणाला, तुझी पटाशी बोथट झालीय, धार लाव. आणि गेला."

मी मनात वजाबाकी केली. त्याने ते ओळखले.

"एकोणसाठ वर्षं, मास्तर. मला मोजता येतं."

मला या ठिकाणी त्याची कीव यायला हवी होती, असे काही सभासदांचे मत आहे. मला आली नाही. ज्या माणसाने त्याला वाचवले त्याच माणसाच्या नावाची त्याने शिवी केली होती, आणि ती शिवी आम्हा सगळ्यांच्या तोंडात घातली होती.

नेस्टालाही आली नाही. "म्हणजे माझ्या वडिलांचा फोटो बघितला तेव्हा तुम्ही गाडी ओळखली होती."

"बघताक्षणी."

"आणि तरी भंगार म्हणालात."

"तीन बिजागऱ्यांची हॉथर्न-पाइक एकच आहे. ती खरी म्हटली असती तर पुढचा प्रश्न कोणीतरी विचारला असता."

"बिजागरी परत बसवा," ती म्हणाली.

त्याने बसवली, प्रत्येक स्क्रू आपापल्या भोकात. मग अर्ज बॉनेटवर ठेवून सही केली.

"आता खोलीत," नेस्टा म्हणाली.

"सही दिली. खोलीत नाही."

"खोलीत."

"नाही म्हटलं ना!"

तिने आम्हाला चहा विचारला नाही. आमच्या भागात दारी आलेल्या माणसाचा याहून मोठा अपमान कोणाला माहीत नाही, आणि तो मलाही लागू होता, हे मला समजले. 'दावा अमान्य' हे शब्द माझ्या अक्षरात होते.

तपासणीचा अहवाल मी त्याच संध्याकाळी टंकलिखित केला. त्यात खाच, तुकडा, आकडा, अक्षरे आणि बोट दाखवण्याची हकीकत सर्व अनुक्रमाने होते. नियमाप्रमाणे त्याची प्रत सभागृहाच्या फलकावर लावली. ती सगळ्यांनी वाचली. काहींनी दोनदा वाचली.

डिसेंबरच्या बैठकीआधी नेस्टाने मंडळाचे सभासदत्व घेतले. पावती घेताना ती म्हणाली, "नव्या सभासदाला खेळासाठी पहिला फोटो ठेवता येतो ना?"

"नियम तीन," मी म्हणालो. कोणता फोटो, ते मी विचारले नाही.

गिल्क्स आला. येणार नाही अशी परस्लोंची पैज होती. आल्या आल्या त्याने फलक वाचला, माझ्या अहवालातल्या एका तारखेवर बोट ठेवून "बरोबर आहे" म्हटले, आणि आपल्या खुर्चीवर बसला. बैठक नेहमीसारखी पार पडली. मग नेस्टाने फोटो टेबलावर ठेवला, त्यावर काळा पुठ्ठा ठेवला आणि तिकिटाएवढी खिडकी नीट सरकवून बसवली. खिडकीत फक्त मधली बिजागरी होती.

आम्ही एकेक जण जाऊन वाकलो, पाहिले, चिठ्ठी लिहिली. डबा गिल्क्सपुढे आला. त्याला उठून जाता आले असते. दार त्याच्या मागेच होते. त्याने झाकण काढले.

"परस्लो," त्याने वाचले. "गिल्क्सचं काम."

कोणी हसले नाही. परस्लोंची मान मात्र ताठ होती. इतक्या वर्षांत ती तशी मी प्रथमच पाहिली.

दुसरी चिठ्ठी. "गिल्क्सचं काम." तिसरी. चौथी. प्रत्येकीवर नाव होते आणि प्रत्येक नाव त्याने स्पष्ट उच्चारले. आवाज चढला नाही, उतरला नाही. एकही चिठ्ठी त्याने गाळली नाही.

"चौदावी," तो म्हणाला. "मास्तर. गिल्क्सचं काम. मास्तरांनी खाली तारीखही टाकली आहे."

होय, मीही लिहिली होती. नाकारण्याचे कारण नाही.

त्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरळ केला आणि झाकण लावले.

"चूक," तो म्हणाला. "चौदाच्या चौदा. सुतार कोण ते विचारलंच नव्हतं, गाडी कोणती ते विचारलं होतं. इतकी वर्षं येता इथं आणि अजून प्रश्न कळत नाही. हॉथर्न-पाइक, दोन आसनी, चार नंबर, एकोणीसशे चोवीस. नखशिखांत खरी. भंगार नाही."

"कोणाची?" मागून नेस्टाने विचारले.

त्याने भिंग खिशातून काढून टेबलावर ठेवले, परस्लोंच्या बाजूला.

"क्लेमेंट फेअरब्रासची," तो म्हणाला. "खांब मी नासवला, ऑर्मनं वाचवला. झालं? आता चहा आणा कोणीतरी."

नेस्टा उठली. तिने किटली घेतली आणि टेबलाला वळसा घालत प्रत्येकाचा कप भरला, परस्लोंचा, माझा, दाराजवळच्या दोघांचा. गिल्क्सच्या कपावरून ती किटली पुढे घेऊन गेली. त्याने मागितला नाही. कपात बैठकीच्या सुरुवातीचा घोटभर थंड चहा उरला होता. तो त्याने प्यायला, कोट चढवला आणि कोणाचाही निरोप न घेता तो निघून गेला.